उभे, आडवे आणि उरेब : मऊ पदार्थांच्या ताठरतेविषयी वाचकांचे प्रश्न

सोनोग्राफीच्या यंत्राने शरीरातील ऊतींची ताठरता कशी मोजतात, याविषयी गेल्या अंकात मी एक लेख लिहिला होता. ऊतीच्या आत अल्ट्रासाऊंडने एक सूक्ष्म धक्का द्यायचा, त्या धक्क्याने उठलेली लाट किती वेगाने पसरते ते पाहायचे आणि त्या वेगावरून ताठरता काढायची, एवढे त्या लेखाचे सार होते. पदार्थ सगळ्या दिशांना सारखाच ताठ आहे, असे मी तिथे न सांगता धरून चाललो होतो. यकृताच्या बाबतीत ते बऱ्यापैकी चालते. स्नायूच्या बाबतीत अजिबात चालत नाही, आणि वाचकांनी नेमके तिथेच बोट ठेवले. आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न इथे घेतले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न (भौतिकशास्त्राचे एक शिक्षक) : अल्ट्रासाऊंड हाही तरंगच आहे आणि त्याचा वेगही पदार्थाच्या स्थितिस्थापकतेवर अवलंबून असतो. मग त्याचाच वेग मोजून ताठरता का काढत नाहीत? मध्ये हा दुसरा तरंग कशासाठी?

उत्तर : आपला तर्क बरोबर आहे, पण पदार्थ दोन प्रकारे विरोध करतो. त्याला सर्व बाजूंनी दाबून त्याचे आकारमान कमी करू पाहिले तर होणारा विरोध हा एक. आकारमान तेवढेच ठेवून त्याचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकवू पाहिला तर होणारा विरोध हा दुसरा. मऊ ऊतींमध्ये बहुतांश पाणीच असल्यामुळे पहिला विरोध पाण्याच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन अब्ज पास्कल असतो, आणि ऊती मऊ पडली काय किंवा कडक झाली काय, त्यात फारसा फरक पडत नाही. अल्ट्रासाऊंड हा दाबाचा तरंग असल्याने त्याचा वेग या पहिल्या विरोधावर ठरतो. तो चरबीत सेकंदाला सुमारे १४५० मीटर आणि स्नायूत सुमारे १५८० मीटर असतो, आणि यंत्रे सरसकट १५४० मीटर धरून चालतात. बोटाने दाबून पाहताना जाणवतो तो कडकपणा दुसऱ्या विरोधाचा. तो बहुधा काही हजार पास्कल, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दहा लाखाव्या हिश्श्याइतका असतो. त्याच्या जोरावर चालतो तो कर्तन तरंग. सोनोग्राफीच्या खोलीत त्याला सगळेच शिअर वेव्ह म्हणतात, म्हणून इथे त्याला शिअर तरंग म्हणू. मऊ ऊतींमध्ये त्याचा वेग सेकंदाला साधारण १ ते १० मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्यापासून धावण्यापर्यंतचा असतो. घनतेला वेगाच्या वर्गाने गुणले की या दुसऱ्या विरोधाचे माप, म्हणजे दृढता गुणांक, मिळतो. घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला २ मीटर असेल तर तो ४००० पास्कल, म्हणजे ४ किलोपास्कल येतो.

हा तरंग उठवायलाही अल्ट्रासाऊंडच लागतो आणि पाहायलाही. केंद्रित केलेला ध्वनी काही शे मायक्रोसेकंद एका जागी रोखला की ती जागा खोलीच्या दिशेने काही मायक्रॉन ढकलली जाते. धक्का थांबला की ती मागे येते आणि लाट आडवी पसरू लागते. सेकंदाला २.५ मीटर वेगाची लाट १ सेंटिमीटर अंतर ४ मिलिसेकंदांत ओलांडते. नेहमीच्या पद्धतीने सेकंदाला ५० चित्रे घेतली तर दोन चित्रांच्या मध्ये २० मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात लाट ५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सेकंदाला ५००० चित्रे घेतली तर त्याच १ सेंटिमीटरसाठी २० चित्रे हाती येतात. ४ सेंटिमीटर खोलीपर्यंत जाऊन परत यायला ध्वनीला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे एवढी चित्रे घेण्यात निसर्गाची आडकाठी नाही. मात्र चित्र एकेक ओळ करून न काढता संपूर्ण क्षेत्रावर ध्वनी एकदम सोडून काढावे लागते. पॅरिसमधील मातिआस फिंक यांच्या गटाने २००४ मध्ये ही दोन्ही कामे एकत्र जुळवली. धक्क्याचे केंद्र शिअर तरंगापेक्षा अधिक वेगाने खोल नेल्यामुळे त्या पद्धतीला ‘सुपरसॉनिक’ असे नाव मिळाले. ज्याला मागे टाकायचे तो तरंग माणसाच्या चालीने जाणारा आहे, हे लक्षात घेतले की त्या नावाचा दरारा थोडा कमी होतो.

प्रश्न (एक फिजिओथेरपिस्ट) : दंडाच्या स्नायूवर प्रोब (यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग) लांबीच्या दिशेने ठेवला तर यंत्र ३१ किलोपास्कल दाखवते. तिथेच काटकोनात फिरवला की ८, आणि दोन्हींच्या बरोबर मधोमध तिरका धरला की १२. हात स्थिर, व्यक्तीही स्थिर. यंत्र बिघडले आहे का? आणि नसेल तर नोंद कोणत्या आकड्याची करावी?

उत्तर : यंत्र बिघडलेले नाही. एकाच पदार्थाची वेगवेगळी मोजमापे ते आपल्याला देत आहे आणि सगळ्यांवर एकच नाव चिकटवत आहे.

आधी पडद्यावरचा आकडा सोलून पाहू. यंत्र मोजते तो फक्त वेग. किलोपास्कल हा त्याने मागाहून केलेला हिशेब. त्या हिशेबात वेगाच्या वर्गाला घनतेने गुणून दृढता गुणांक काढतात आणि त्याची तिप्पट करून तिला यंगचा गुणांक, म्हणजे ओढताना होणाऱ्या विरोधाचे माप, म्हणतात. ही तिप्पट केवळ अशा पदार्थापुरती खरी आहे, जो दाबाने आक्रसत नाही आणि ज्याला सगळ्या दिशा सारख्या आहेत. स्नायूच्या बाबतीत पहिली अट पाळली जाते, दुसरी मोडते. म्हणून हिशेब उलटा करून वेगापर्यंत मागे जावे. आपल्या तीन आकड्यांमागचे वेग सेकंदाला सुमारे ३.२, १.६ आणि २ मीटर असे निघतात. लांबीच्या दिशेचा दृढता गुणांक सुमारे १०.२ किलोपास्कल आणि आडवा सुमारे २.६; म्हणजे वेग दुप्पट आणि ताठरता चौपट.

आता दिशेकडे वळू. दिशा म्हटले की बहुतेकांच्या मनात तरंग ज्या बाजूला निघाला तेवढीच असते. शिअर तरंगाला मात्र दोन दिशा असतात: तो जिकडे जातो ती, आणि त्याच्या वाटेवरचा प्रत्येक कण ज्या रेषेत हलतो ती. दोरीचे एक टोक बांधून दुसरे वरखाली झटकले तर लाट दोरीच्या लांबीने पळते, दोरीचा प्रत्येक भाग मात्र जागच्या जागी वरखालीच होतो. प्रोबच्या धक्क्याने उठलेल्या तरंगात कण प्रोबपासून खोल जाणाऱ्या रेषेत हलतात आणि तरंग आडवा पसरतो. आपण प्रोब फिरवला तेव्हा पसरण्याची दिशा बदलली, हलण्याची बदलली नाही.

त्वचेला समांतर धावणारे स्नायूतंतू डोळ्यांपुढे आणावेत. तरंग तंतूंच्या लांबीने जात असेल तर वरखाली हलताना प्रत्येक तंतूला वाकावे लागते, आणि तो विरोध करतो. तरंग तंतूंना आडवा जात असेल तर एकेक तंतू सबंधच्या सबंध वर किंवा खाली सरकतो, शेजारच्या तंतूशी त्याची थोडी घसरण होते आणि विरोध मधल्या मऊ पदार्थाचाच काय तो होतो. आपल्या ३.२ आणि १.६ यांमागे हेच आहे. याशिवाय तिसरी एक शक्यता असते, ती म्हणजे तरंग आडवा जातो आहे पण कण तंतूंच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे हलत आहेत. हा वेग आडवा असूनही पहिल्याइतकाच, म्हणजे ३.२ येतो. कारण असे की कर्तनात एका लहान चौकोनाचा कोन बदलतो, आणि त्या चौकोनाची वरची कड सरकवली काय किंवा बाजूची कड सरकवली काय, कोनातला बदल तोच असतो. ‘तंतूंना आडवा वेग’ एवढेच म्हटले तर ते १.६ आणि ३.२ या दोन्हींना लागू पडते. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ दुसरी दिशा सांगायची राहून गेल्यामुळे होतो.

याचा एक फसवा परिणाम असा की तंतू त्वचेला समांतर नसून सरळ खोल उतरत असतील, तर कण तंतूंच्याच दिशेने हलतात आणि तरंग कोणत्याही बाजूला गेला तरी वेग तोच मिळतो. प्रोब गोल फिरवला तरी आकडा हलत नाही आणि पाहणारा ‘या पदार्थाला सगळ्या दिशा सारख्या’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो, जो साफ चुकीचा असतो.

आपल्या १२ या आकड्याकडेही पाहायला हवे, कारण तो ३१ आणि ८ यांच्या मध्यावर नाही आणि तसा नसणेच बरोबर आहे. धक्क्यानंतर ५ मिलिसेकंदांनी लाट तंतूंच्या दिशेने १६ मिलिमीटर आणि आडवी ८ मिलिमीटर पोहोचलेली असते. तिची कड म्हणजे एक लंबवर्तुळ असते, आणि त्या लंबवर्तुळावर ४५ अंशांच्या रेषेत मोजले तर अंतर १० मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २ मीटर भरतो. सूत्रावर विसंबणारे विद्यार्थी इथे चुकतात. आडव्या आणि उभ्या दृढता गुणांकांची सरासरी घेऊन तिचे वर्गमूळ काढले तर २.५ येते, आणि तेही चूक नसते. पण तो सपाट लाटेचा वेग आहे. एका रेषेवरच्या धक्क्यातून उठलेल्या लाटेची कड त्या तिरक्या रेषेला काटकोनात नसते, म्हणून लाट पोहोचण्याचा वेग निराळा येतो. मोजले एक आणि सूत्रात घातले दुसरे, असे झाले तर या उदाहरणात वेगात वीस टक्क्यांची आणि ताठरतेत त्याच्या जवळजवळ दुपटीची चूक होते.

राहिला यंगचा गुणांक, म्हणजे ओढताना होणारा विरोध. कापड हाताळणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. विणलेले कापड ताण्याच्या दिशेने ओढले तर दाद देत नाही, बाण्याच्या दिशेने ओढले तरी जेमतेमच देते, आणि उरेब, म्हणजे तिरके, ओढले की सहज लांबते. उरेब ओढताना धागे लांबत नाहीत, त्यांच्यामधला कोन बदलतो, म्हणजे कर्तन होते. ओढायला अतिशय ताठ आणि कर्तनाला अगदी मऊ, असे दोन्ही गुण एकाच कापडात नांदतात, मग त्यातल्या एकाची तिप्पट करून दुसरा कसा मिळणार? एकाच दिशेने तंतू असलेल्या, न दबणाऱ्या पदार्थाला तीन स्वतंत्र आकडे लागतात: तंतूंच्या दिशेचा दृढता गुणांक, आडवा दृढता गुणांक, आणि ओढण्याचा तिसरा. प्रोबखाली सपाट पसरलेल्या तंतूंवर प्रोब कितीही फिरवला तरी पहिले दोनच मिळतात. तिसरा मिळवायचा तर तंतू आणि धक्का यांच्यात तिरका कोन हवा, म्हणजे एकाच धक्क्यातून दोन शिअर तरंग उठतात, त्यांपैकी एकाच्या वेगात हा तिसरा आकडा दडलेला असतो आणि तंतूंशी ४५ अंशांवर त्याची खूण सर्वांत ठळक असते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रोब यंत्राने गोल फिरवून मांडीच्या स्नायूत हे तिन्ही आकडे काढून दाखवले आहेत. भूकंपशास्त्रज्ञांना मात्र यात नवल वाटणार नाही. खडकातून जाणारा शिअर तरंग दोन वेगांच्या तरंगांत फुटतो, हे ते कधीपासून वापरत आले आहेत.

नोंदीविषयी माझे म्हणणे असे: किलोपास्कल सोडून द्यावेत आणि वेग लिहावा, सोबत प्रोब तंतूंशी कोणत्या कोनात होता, पडद्यावर तंतू त्वचेला समांतर दिसत होते की खोल उतरत होते, आणि स्नायू सैल होता की ताणलेला, हे लिहावे. त्याच व्यक्तीची पुढच्या महिन्यात तुलना करायची असेल तर प्रोब लांबीच्या दिशेने, म्हणजे तंतूंच्या रेषा पडद्यावर अखंड दिसतील असा धरलेला बरा, कारण तो कोन पुन्हा तसाच साधणे सर्वांत सोपे असते.

प्रश्न (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी) : प्रकल्पासाठी दिशेनुसार ताठरता बदलणारा कृत्रिम नमुना तयार करायचा आहे. जिलेटिनमध्ये धागे घालावेत असे वाटते. ते पुरेसे होईल का?

उत्तर : होईल, पण धाग्यांमधले अंतर सांभाळावे लागेल. तरंगाला सुटे धागे दिसता कामा नयेत, एकजीव पदार्थ दिसला पाहिजे. त्यासाठी धाग्यांमधले अंतर तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान हवे. वेग सेकंदाला २.५ मीटर आणि कंपने सेकंदाला २५० असतील तर तरंगलांबी १० मिलिमीटर होते. तिथे १ मिलिमीटर अंतर ठीक, ५ मिलिमीटर अंतर म्हणजे कुंपण. दुसरी अडचण अशी की धागे अल्ट्रासाऊंडला झगझगीत दिसतात आणि त्यांच्या आसपासची हालचाल मोजताना आकडे उड्या मारू लागतात. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने केलेले नमुने याआधी वापरले गेले आहेत; ते चालतात, पण बनवायला चिकाटी लागते.

माझी पसंती पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या जेलला आहे. त्याचे साधारण १० टक्के द्रावण गरम पाण्यात नीट विरघळवून घ्यावे, त्यात ध्वनी विखुरण्यासाठी सेल्युलोजची थोडी बारीक पूड मिसळावी, साच्यात ओतावे, उणे २० अंश सेल्सिअसला गोठवावे आणि पुन्हा खोलीच्या तापमानाला आणावे. प्रत्येक फेरीगणिक जेल अधिक ताठ होत जाते. एकदोन फेऱ्यांनंतर ते एका दिशेने ताणून, ताणलेल्या अवस्थेतच पुढच्या फेऱ्या दिल्या की त्याची घडण त्या दिशेला रेलते, आणि ताण काढून घेतला तरी काही अंशी तशीच राहते. हा फरक स्नायूइतका मोठा नसतो, पण नमुना एकसंध असतो, तो जिलेटिनसारखा चार दिवसांत बुरसत नाही आणि खोलीच्या उष्णतेने वितळत नाही.

साचा शक्यतो गोल घ्यावा. चौकोनी पेटीत बाजूंवरून परतणाऱ्या लाटा काही ठरावीक दिशांनाच त्रास देतात आणि नमुन्यात नसलेली दिशा आकड्यांत उतरते. प्रोब पक्का बांधावा आणि नमुनाच एका फिरत्या तबकडीवर ठेवून दर १५ अंशांनी मोजावे. ० ते १८० एवढ्यावर थांबू नये. १८० ते ३६० मध्ये आधीचेच आकडे पुन्हा यायला हवेत. ते आले नाहीत तर नमुना तबकडीच्या मध्यावर नाही किंवा प्रोब तिरका आहे, असे समजावे. प्रोब आणि नमुना यांच्यात जेलचा किंवा पाण्याचा जाड थर ठेवावा, स्पर्श होऊ देऊ नये. तो का, ते पुढच्या उत्तरात आहे.

आणखी एक गोष्ट. मार्गदर्शक बहुधा नमुन्याची पट्टी कापून ती ताणयंत्रात ओढायला सांगतील आणि दोन आकडे जुळत नाहीत म्हणून नाराज होतील. ताणयंत्र सावकाश ओढते, तर तरंग सेकंदाला शेकडो वेळा हलवतो, आणि अशा चिकट-लवचीक पदार्थात जलद हालचालीला विरोध जास्त होतो. शिवाय ओढण्याचा गुणांक आणि कर्तनाचा गुणांक यांची गल्लत वर सांगितलीच आहे. दोन पद्धतींत नेमके तेच आकडे यावेत, असा हट्ट न धरता कोणती दिशा अधिक ताठ येते याचा क्रम दोन्हीकडे तोच आहे का, हे पाहावे.

प्रश्न (एक संशोधक वाचक) : स्नायू ताणला की तरंगाचा वेग वाढतो, हे सर्वज्ञात आहे. मग प्रोब फिरवून मिळणारा फरक तंतूंच्या घडणीचा की ताणाचा, हे कसे ओळखायचे?

उत्तर : हा प्रश्न मला स्वतःला एकदा चांगलाच महागात पडला आहे. धागे नाहीत, ताण नाही, असा जिलेटिनचा साधा ठोकळा मी तुलनेसाठी केला होता आणि तो सगळ्या दिशांना सारखा यायला हवा होता. आकडे मात्र हट्टाने लंबवर्तुळावर पडत होते. पेटी फिरवली की लंबवर्तुळही तिच्यासोबत फिरत होते, त्यामुळे दोष प्रोबचा नव्हता. जिलेटिन ओतताना प्रवाहामुळे काही घडण आली असावी, अशी एक सुंदर उपपत्तीही मी तयार केली होती. तीन दिवसांनी लक्षात आले की पातळ प्लास्टिकची ती पेटी पकडीत घट्ट बसवताना तिच्या दोन भिंती आत दबल्या होत्या. ठोकळा पेटीतून काढून ओल्या तबकात मोकळा ठेवला, तेव्हा लंबवर्तुळाचे वर्तुळ झाले. उपपत्ती अर्थातच केराच्या टोपलीत गेली. प्रोबने दाबल्यावरही हेच होते, म्हणून स्पर्श टाळायचा.

माझ्या ठोकळ्याला पेटीतून काढता आले. जिथे ते शक्य नसते तिथे उपयोगी पडणारी एक कसोटी दुसऱ्या उत्तरातल्या अदलाबदलीतूनच निघते. ताण नसलेल्या पदार्थात, मग तो कितीही तंतुमय असो, ‘पहिल्या दिशेने जाणारा आणि दुसऱ्या दिशेने हलणारा’ तरंग आणि ‘दुसऱ्या दिशेने जाणारा आणि पहिल्या दिशेने हलणारा’ तरंग यांचे वेग सारखे असतात. ताण असला की ही बरोबरी मोडते, आणि किती मोडते याचे नाते विलक्षण साधे आहे. दोन्ही वेगांच्या वर्गांतील फरकाला घनतेने गुणले की त्या दोन दिशांमधील ताणाचा फरक थेट मिळतो. तंतू किती, ते किती ताठ, मधला पदार्थ कोणता, याची काहीच माहिती लागत नाही. समजा, एक वेग २.६ आणि अदलाबदल केलेला २.४ मीटर आला, तर वर्ग ६.७६ आणि ५.७६, म्हणजे ताणातला फरक १ किलोपास्कल, जो साधारण १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका आहे. ताणलेल्या तारेवर लाट वेगाने धावते, त्याच तत्त्वाचे हे रूप आहे. ताणाच्या दिशेने जाणाऱ्या तरंगाला ताणाची जास्तीची मदत मिळते. म्हणून वेगांची ही जोडी सारखी आली आणि तरीही प्रोब फिरवल्यावर फरक दिसला, तर तो घडणीचा. जोडीतच फरक पडला, तर ताण आहेच.

प्रयोगशाळेत ठोकळा कुशीवर वळवून दोन बाजूंनी मोजता येते. जिवंत स्नायूला असे वळवता येत नाही, त्यामुळे तिथे एकमेकांना काटकोनात, तिरक्या दिशांनी पाठवलेल्या तरंगांच्या जोडीतून हेच नाते काढावे लागते. ते जमते, पण वेगांच्या वर्गांतला लहानसा फरक हवा असल्यामुळे वेगाच्या मोजणीतली एकदोन टक्क्यांची चूकसुद्धा सगळा हिशेब गिळून टाकते. वरच्या उदाहरणात दोन्ही वेग फक्त दोन टक्क्यांनी विरुद्ध बाजूंना चुकले, तर १ किलोपास्कलच्या जागी १.५ येतो.

प्रश्न (वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी) : हृदयात तंतूंची दिशा आतून बाहेर बदलत जाते. तिथे ‘तंतूंची दिशा’ कोणती धरणार? आणि टाचेच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्टीवर) यंत्र मध्येच आकडे देणे का बंद करते?

उत्तर : हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीत तंतू एका पृष्ठापासून दुसऱ्यापर्यंत साधारण १२० अंशांनी वळतात. तिथे एक दिशा धरायचीच नसते. प्रोब टप्प्याटप्प्याने फिरवायचा आणि प्रत्येक खोलीवर तरंग सर्वांत वेगाने कोणत्या कोनात जातो ते पाहायचे, म्हणजे ताठरता मोजता मोजता तंतूंचा नकाशाच हाती येतो. पॅरिसच्या गटाने २०१२ मध्ये हे हृदयाच्या भिंतीवर करून दाखवले. माझ्या दृष्टीने दिशेचा सर्वांत सुरेख उपयोग हाच, कारण इतरत्र अडचण वाटणारी गोष्ट इथे माहिती होते.

कंडरेची गोष्ट वेगळी आहे. तंतूंच्या दिशेने तिथे वेग सेकंदाला १० मीटरच्या वर सहज जातो आणि अनेक यंत्रांची मर्यादा त्याच्या आसपास संपते. पण आकडा दिला असता तरी तो जसाच्या तसा घेऊ नये. वेग १० मीटर आणि कंपने ३०० असतील तर तरंगलांबी ३३ मिलिमीटर होते, आणि टाचेची कंडरा जेमतेम ५–६ मिलिमीटर जाड असते. एवढा लांब तरंग एवढ्या पातळ पट्टीत मोकळा पसरू शकत नाही, पट्टीच आपल्या दोन पृष्ठांच्या मध्ये त्याला वाट दाखवते. मग वेग जाडीवर, कंपनसंख्येवर आणि कंडरेच्या ताणावर ठरू लागतो. रोहिणीची भिंत आणि डोळ्याचे पारपटल यांच्या बाबतीतही तेच. अशा ठिकाणी एका वेगावर न थांबता निरनिराळ्या कंपनसंख्यांना वेग कसा बदलतो याचा आलेख काढावा लागतो आणि पातळ पट्टीचे गणित त्याच्याशी जुळवून पाहावे लागते.

प्रश्न (एक वाचक) : माझी पाठ वर्षभर दुखते आहे. या तपासणीने कारण कळेल का?

उत्तर : पाठदुखीचे कारण शोधण्यासाठी ही नेहमीची तपासणी नाही. ही पद्धत रोजच्या वापरात आली ती प्रामुख्याने यकृताच्या कडकपणासाठी. पाठीच्या स्नायूंबाबत काय होते, ते दुसऱ्या उत्तरात दिसलेच: प्रोब थोडा फिरला की आकडा बदलतो, आणि बसण्याची ढब बदलली तरी बदलतो. आपण आपल्या डॉक्टरांनाच दाखवावे.

दुरुस्ती : गेल्या अंकातील लेखात यकृताच्या उदाहरणात ‘दृढता गुणांक ६ किलोपास्कल’ असे छापले गेले आहे. तिथे ‘यंगचा गुणांक ६ किलोपास्कल’ असे वाचावे. दृढता गुणांक त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे २ किलोपास्कल, आणि तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर. ही चूक दोन वाचकांनी कळवली. ती माझ्याकडून झाली होती, छापखान्याकडून नव्हे.